भेव गेलेली

वाघीण उघड्यावर आली तरी चितळाची ती मादी पळाली नाही.

डॉ. निशिकांत कापगते दुर्बिणीतून पाहत होता. बोरटेकच्या तलावाचं पाणी जानेवारीत मागे सरकलं की काठावर कोवळं गवत फुटतं आणि जंगलातली हरणं तिथे उतरतात. त्या सकाळी चांगला मोठा कळप होता. वाघीण दिसताच एकच भुंकारा झाला आणि सगळी ऐनाच्या झाडांत गडप झाली. ही एकटी उरली. डोकं डावीकडे किंचित कललेलं, कान सैल, शेपटी खाली. वाघिणीने लपायचे कष्टही घेतले नाहीत. ती चालत येऊ लागली तशी मादीनेही पाऊल उचललं, तिच्याच दिशेने.

"साहेब," शेजारी बसलेला वनरक्षक मडावी पुटपुटला, "हे तं पाहुनी आल्यावानी सामोरं जाऊन रायली."

वाघीण क्षणभर थबकली. गोंधळलेला वाघ निशिकांतने आजवर पाहिला नव्हता. मग तिने झेप घेतली. मादीच्या तोंडून साधा आवाजही निघाला नाही.

निशिकांत वन्यप्राणी उपचार केंद्रावर पशुवैद्य होता. विचित्र वागणारी हरणं त्याला नवी नव्हती. नरांच्या झुंजीत शिंगाच्या बुडाशी कवटी तडकते, जखमेतून जंतू आत शिरतात, मेंदूत पू होतो आणि तो नर एकाच दिशेने गोल गोल फिरत राहतो. मागच्या हिवाळ्यात त्याला असा एक नर मिळाला होता आणि कवटी उघडल्यावर पूही मिळाला होता. पण यंदा अशा वागणाऱ्या बहुतेक माद्या होत्या. त्यांना शिंगं नसतात, त्या झुंजत नाहीत.

वाघीण उठून गेल्यावर त्याने त्या मादीचं डोकं केंद्रावर आणून उघडलं. जखम कुठेच नव्हती. मेंदूत खोलवर बदामाएवढी एक गाठ असते. धोका दिसला की धोक्याची घंटा वाजवायचं काम तिचं. त्या गाठीला लागून तांदळाच्या दाण्याएवढी एक पारदर्शक पिशवी होती आणि पिशवीत घडी घालून झोपल्यासारखा एक चपटा कृमी.

पुढच्या आठवड्यांत त्याने त्या कृमीचा प्रवास जुळवला. वाघाच्या आतड्यात तो अंडी घालतो. विष्ठेतून ती पावसाबरोबर तलावात उतरतात. तिथे गोगलगायीच्या अंगात वाढून पिल्लं पुन्हा पाण्यात येतात आणि पाणवनस्पतींना चिकटून वाट पाहतात. हरीण ती खातं. पण हरणाच्या अंगात कृमी पुरता वाढू शकत नाही, त्याला परत वाघाच्या पोटात पोचायचं असतं. त्याला पाय नसतात. म्हणून तो हरणाचे पाय वापरतो. घंटा बंद करतो. एवढंच करून थांबत नाही. जो वास आला की हरणाने जीव घेऊन पळायचं, तोच वास त्याला गोड करून टाकतो.

औषध होतं. केंद्रावर पकडून आणलेल्या तीन माद्यांना त्याने ते दिलं. मेंदूतले ते दाणे विरघळले आणि भीती परत आली, पण अडवलेलं पाणी बांध फुटून यावं तशी. एका मादीजवळ सागाचं वाळकं पान पडलं, तेवढ्याने ती जाळीवर आदळली आणि मान मोडून मेली. उरलेल्या दोघी बरेच दिवस थरथरत होत्या. मग सावरल्या.

---

घरी मात्र तो हिवाळा आनंदाचा चालला होता, कारण बाई आली होती.

बाई म्हणजे निशिकांतची मोठी बहीण अनसूया. साठीला टेकलेली. साकोलीला भातगिरणी असलेल्या यादोराव लांजेवारांना दिलेली. यादोरावांनी तिच्यावर कधी हात उचलला नाही. ते फक्त बोलणं बंद करायचे. भाजीत मीठ जास्त झालं की ताट बोटाने पुढे सरकवायचे आणि मग महिना महिना घरात शब्द नाही. त्यांच्या चपलांच्या आवाजावरून आजचा दिवस कसा जाणार हे ओळखत तिने सगळा संसार केला. छातीत धडधड होऊ लागली तेव्हा डॉक्टरांनी हवापालट सांगितला आणि निशिकांत तिला घेऊन आला.

पहिले काही दिवस ती दार वाजलं तरी दचकायची. मग हळूहळू बदलत गेली. न्हाणीघरात धामण निघाली, ती बाईने काठीवर उचलून कुंपणापार टाकली आणि परत येऊन पोळ्या लाटू लागली. निशिकांतची बायको वैशाली गावातल्या शाळेत शिकवायची. तिची स्कूटी बाईने दोन दिवसांत शिकून घेतली. यादोरावांचा फोन आला की पूर्वी ती उभी राहून बोलायची, आता भाजी निवडता निवडता "नंतर बोलते" म्हणून ठेवून द्यायची.

"लग्नाआधी अशाच होत्या का हो बाई?" वैशालीने कौतुकाने विचारलं.

निशिकांत आठवू लागला. वीज कडाडली की धान्याच्या कोठीमागे जाऊन बसणारी, मास्तरांनी नाव घेतलं तरी रडणारी मुलगी त्याला आठवली. "नाही," तो म्हणाला. "अशी ती कधीच नव्हती."

एके दुपारी पुण्याहून ऋतुजाचा, बाईच्या मुलीचा फोन आला. तिला सातवा महिना होता. रक्तदाब अचानक वाढला होता, इस्पितळात दाखल करून घेतलं होतं. ती रडत होती. बाई ओट्याशी उभी राहून शिंगाडे सोलत होती. तिने फोन कानाशी खांद्यात धरला.

"अवो ऋतू, रडतेस काहून? पोर राहिलं तं राहील. नाही राहिलं तं नाही. त्याले काय करते कोनी?"

आवाजात राग नव्हता, कोरडेपणाही नव्हता. उद्या ऊन पडेल असं सांगावं, तसा आवाज होता तो. निशिकांतने फोन ओढून घेतला.

"मामा," ऋतुजा कुजबुजली, "आईला काय झालंय?"

तो काहीबाही समजूत घालत होता आणि बाईकडे बघत होता. तिने पुढचा शिंगाडा उचलला. तलावातून नुकताच काढलेला, हिरवा, ओला. तिने तो दातांत धरला आणि टरकन साल काढली. तो आणि वैशाली शिंगाडे उकडून खायचे. बाईला लहानपणापासून कच्चेच आवडत.

बोरटेकच्या खांबांवर त्या वर्षी नवे दिवे बसवले होते. गळ्यात रेडिओ-पट्टा घातलेला वाघ गावाजवळ आला की पिवळा दिवा लाल व्हायचा आणि लोक दारं लावून घ्यायचे. त्या संध्याकाळी दिवे लाल झाले. गल्लीत धडाधड दारं लागली. निशिकांत आपलं दार लावायला आला तेव्हा बाई अंगणात उभी होती. तांबड्या उजेडात, तलावाकडे तोंड करून. डोकं डावीकडे किंचित कललेलं.

"बाई, आत ये."

"कित्ती चांगला वास येऊन रायला रे," ती म्हणाली.

"कशाचा?"

तिने डोळे मिटून श्वास घेतला. "आपल्या मायच्या पदराले यायचा ना, तसा."

निशिकांतने हवा हुंगली. त्याला काहीच वास आला नाही. हात धरून त्याने तिला आत आणलं आणि कडी घातली.

---

हरणांचा मेंदू तपासायला केंद्रावर एक टोपी होती, चार्जिंगवर चालणारी. पूर्वी जे काम खोलीएवढ्या यंत्राला लागायचं, ते ही टोपी पाच मिनिटांत करायची. हरणाच्या डोक्यासाठी बनवलेली ती टोपी निशिकांतने दुसऱ्या सकाळी बहिणीच्या पांढऱ्या केसांवर ठेवली. पडद्यावर बदामाएवढी गाठ दिसली. तिला चिकटलेला दाणाही दिसला.

त्याने नागपूरच्या मेंदूतज्ज्ञ डॉ. मोघे यांना फोन लावला. चित्रं पाहून त्या म्हणाल्या, "औषध आहे. पण भीती एकदम परत येईल आणि त्यांचं हृदय आधीच नाजूक आहे. घरी अजिबात देऊ नका. सोमवारी खाट मोकळी होतेय, घेऊन या. तोवर त्यांना एकटं सोडायचं नाही."

त्याने बाईला सगळं सांगितलं. तलाव, गोगलगाय, हरीण, वाघ. तिने शांतपणे ऐकून घेतलं, दुसऱ्याच कोणाची गोष्ट ऐकावी तसं.

"मंग आता हे जे मी बोलते, ते मी बोलते का तो किडा?"

"तो बोलत नाही, बाई. तो फक्त भेव बंद करतो. बोलणं तुझंच असावं."

"असावं?"

"मला नक्की माहीत नाही."

"औषध खाल्लं का भेव परत येईन?"

"येईल. आधी तर खूप येईल."

"तं मंग सोमवारपर्यंत मले माही कामं उरकू दे," ती म्हणाली. "मागून नाही जमनार."

शनिवारी ती त्याला साकोलीला घेऊन गेली. गिरणीत यंत्रं चालू होती, कोंडा उडत होता, पोती शिवणारी माणसं होती. बाई सरळ यादोरावांच्या टेबलासमोर जाऊन उभी राहिली.

"मी आता घरी येनार नाही," ती म्हणाली. "तुम्ही वाईट मानूस हाय का नाही, ते मले ठाव नाही. पन तुमच्या घरात मी श्वास मोजून घेतला. आता नाही घेनार."

पोती शिवणारे हात थांबले. यादोरावांनी चष्मा काढला, पुसला आणि नेहमीचं हत्यार बाहेर काढलं. ते गप्प झाले. निशिकांतलासुद्धा ते गप्प बसणं अंगावर आल्यासारखं वाटलं. बाईने समोरची खुर्ची ओढली, बसली आणि त्यांच्याकडे पाहत राहिली. किती वेळ गेला कोणास ठाऊक. शेवटी यादोरावांचीच नजर हलली.

ते निशिकांतकडे वळले. "काय भरवलंस रे हिच्या डोक्यात?"

बाईच मोठ्याने हसली. "भरलं हाय खरं," ती म्हणाली आणि उठली.

परतताना गाडीत ती गुणगुणत होती. निशिकांतला मात्र तिची ती नजर विसरता येत नव्हती. नवऱ्याकडे पाहताना तिच्या डोळ्यांत राग नव्हता, दुःख नव्हतं, जिंकल्याचा आनंदही नव्हता. तशी नजर त्याने यंदाच पाहिली होती. दुर्बिणीतून.

---

रविवारी संध्याकाळी दिवे पुन्हा लाल झाले. निशिकांत पुढचं दार लावत होता. बाईजवळ वैशाली बसली होती. दूध उतू गेलं म्हणून ती स्वयंपाकघरात गेली, तेवढ्यात मागचं दार वाजलं. वैशाली ओरडली तोवर बाई कुंपणापलीकडे दिसेनाशी झाली होती.

निशिकांतने जीप काढली. मडावीला फोन करून फटाके घेऊन यायला सांगितलं, पण मडावी तलावाच्या दुसऱ्या टोकाला होता.

सूर्य नुकताच बुडाला होता. पाण्यावर अजून उजेड होता. काठावरच्या गवतात सहा-सात चितळं एका ओळीत उभी होती, सगळ्यांची डोकी डावीकडे कललेली. ओळीच्या मधोमध, दोन माद्यांच्या मध्ये, पिवळं लुगडं नेसलेली बाई उभी होती. तिचंही डोकं तसंच कललं होतं. जीपच्या आवाजाने एकाही चितळाने कान हलवला नाही. समोरच्या उंच गवताची पाती हळूहळू दुभंगत होती. वारा नव्हता.

निशिकांतने हॉर्न दाबला, दाबूनच धरला. पाती क्षणभर थांबली, मग पुन्हा हलू लागली. आयतं उभं राहणारं भक्ष्य मिळायला लागल्यापासून ती वाघीण हॉर्नला भिईनाशी झाली होती. जीप पुढे चिखलात जाणार नव्हती. तो उतरला.

त्याच्या डोक्यातली घंटा शाबूत होती. ती इतक्या जोरात वाजत होती की पाय उचलेनात. अंगातला कण न् कण परत फिर म्हणत होता. तो चालत राहिला. चितळांच्या अंगाला अंग घासून तो ओळीत शिरला, त्यांनी त्याला वाट करून दिली. त्याने बाईचं मनगट धरलं. नाडी संथ चालली होती.

"बाई, चाल."

"थांब ना. आली ती."

वाघीण गवतातून बाहेर आली. ओळीसमोरून ती चालत गेली. घाई नाही, दबा नाही. बाजारात भाजी पाहत हिंडावं तशी एकेकाकडे बघत. बाईसमोर ती थांबली. निशिकांतला तिच्या मिशांवरचं पाणी दिसलं. त्याच्या हातातलं बाईचं मनगट पुढे ओढ घेऊ लागलं. तो टाचा रोवून उभा राहिला.

वाघिणीने शेजारची मादी घेतली. धप्पकन आवाज झाला, हाड मोडलं, आणि गवतात काहीतरी ओढत नेल्याची सरसर दूर गेली. बाकीची चितळं तशीच उभी होती.

"मले नाही घेतलं," बाई म्हणाली. खेळात भिडूंनी वगळलेल्या पोरीचा आवाज होता तो.

त्याने तिला खांद्यावर टाकून जीपपर्यंत आणलं. गावाची वाट लागल्यावर तिने लुगड्यावर उडालेले रक्ताचे थेंब बोटाने चाचपून पाहिले.

"निशी, मले आता भेव लागायले पायजे होतं ना रे?"

"हो, बाई."

"ऋतू रडत होती, तवाही?"

"हो."

एखादं गणित सुटत नाही, पण चुकलंय हे दिसतंय, असा चेहरा झाला होता तिचा. "तं मंग मले आत्ताच ने," ती म्हणाली. "उद्या मी हो म्हनन का नाही, काय सांगता येत नाही."

वैशालीला घेऊन ते तसेच नागपूरच्या वाटेला लागले.

---

औषधाच्या तिसऱ्या दिवशी भीती आली. सलाइनच्या नळीत थेंब पडलेला पाहून बाई किंचाळली. नर्सचे पांढरे बूट दिसले की ती पांघरुणात शिरायची. हृदयाचा आलेख पडद्यावर वेडावाकडा धावायचा आणि डॉ. मोघे खाटेजवळून हलायच्या नाहीत. त्या भीतीला ना आकार होता ना कारण. मग पाचव्या दिवशी पहाटे तिने वैशालीचा हात घट्ट धरला.

"ऋतू," ती म्हणाली. "माह्या ऋतूचं कसं हाय? पोर हाय ना पोटात? मी तिले काय बोलली, वैशाली? काय बोलली मी तिले?" आणि ती रडू लागली. ऋतुजाला फोन लावून दिला तर बोलता येईना इतकी रडली. ऋतुजा बरी होती, बाळ बरं होतं. बाईला ते पुन्हा पुन्हा ऐकायचं होतं.

बोरटेकमध्ये मडावीने टोपी घरोघर फिरवली. कच्चे शिंगाडे खाणारे आणखी चौघे निघाले. तिघांनी औषध घेतलं. चौथा, हातझाडे नावाचा शिंपी, नाही म्हणाला. "आयुष्यात पयल्यांदा मले झोप लागून रायली," तो म्हणाला. कायद्याने त्याच्यावर सक्ती करता येत नव्हती. दिवे लाल झाले की त्याची बायको दाराला बाहेरून कुलूप घालते. तो खिडकीच्या गजांशी उभा असतो, डोकं कललेलं, चेहऱ्यावर हसू. रस्त्याने जाणारे त्या खिडकीकडे पाहत नाहीत. तलावावर चितळांची ओळही अजून उभी राहते. एवढ्या जंगलाला औषध कोण पाजणार?

होळीनंतर बाई निशिकांतकडे परतली. मेंदूतला दाणा विरघळला होता. दार वाजलं की ती पुन्हा दचकू लागली होती. स्कूटीला हात लावत नव्हती.

आणि एका सकाळी यादोरावांची गाडी आली. ते ओसरीत खुर्चीवर बसले. चहा घेतला नाही.

"बरी झाली म्हनतात," ते निशिकांतला म्हणाले. "तिकडं गिरनीत बोलली ते डोकं ठिकानावर नव्हतं म्हनून, असं मी लोकांले सांगितलं हाय. पिशवी भरायले सांग तिले." मग ते गप्प झाले.

निशिकांत आत गेला. बाई मोरीवर वाकली होती, नुकतीच ओकली होती.

"ते गिरनीतलं मी बोलली होती का रे?" तिने विचारलं. "का त्यानं?"

"बाई, मी जाऊन सांगतो त्यांना. तू बाहेर येऊच नको."

ती भिंत धरून उभी राहिली. "नको," ती म्हणाली. "तू सांगशील तं ते कोन बोललं होतं, मलेच ठाव होनार नाही."

तिने तोंड धुतलं, पदराने पुसलं. ओसरीच्या दारापर्यंत ती आली आणि तिथेच थांबली. चौकट दोन्ही हातांनी धरली, तरी बांगड्यांचा किणकिणाट थांबेना. यादोरावांनी मान वर केली नाही. ते जमिनीकडे पाहत गप्प बसले होते.

"मी येत नाही," बाई म्हणाली.

आवाज इतका बारीक निघाला की शेजारी उभ्या निशिकांतलाही तो जेमतेम ऐकू आला.

"काय?" यादोराव म्हणाले.

तिला ते पुन्हा म्हणावं लागलं. दुसऱ्यांदा आवाज आणखीच कापत होता, पण शब्द तेच होते.